'सिद्धान्त' म्हणजे अंदाज का? उत्क्रांतीच्या पाठातले शब्द

अमळनेर, माध्यमिक शिक्षिका:

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पालकसभेत एक पालक उभे राहून म्हणाले, "मॅडम, पुस्तकातच 'डार्विनचा सिद्धान्त' असं छापलंय. सिद्धान्त म्हणजे थिअरी, आणि थिअरी म्हणजे एकाचं मत. मग त्याच्या जोडीला आपले दशावतार का शिकवत नाही?" सूर भांडणाचा नव्हता. मनापासून विचारत होते, आणि आजूबाजूचे माना डोलवत होते. मी जीवाश्मांचं, अवशेषांगांचं (पूर्वजांना उपयोगी, आता नुसते उरलेले अवयव) सांगितलं, पण बोलताना जाणवलं की आमची अडचण पुराव्यांच्याही आधी शब्दांत आहे. 'सिद्धान्त' ऐवजी 'उपपत्ती' म्हणावं का? 'उत्क्रांती' हा शब्द तरी बरोबर आहे का? आणि शाळेत 'धार्मिक शिक्षण' देता येत नाही म्हणतात, त्यात नेमकं काय काय येतं?

चाळीसगाव, निवृत्त शिक्षक:

ताई, शब्द अजिबात बदलू नका. 'सिद्धान्त' हा आपल्याकडचा फार भक्कम शब्द आहे. त्याच्या पोटातच 'सिद्ध' आहे. न्यायदर्शन म्हणजे आपली तर्कशास्त्राची परंपरा; तिच्या सोळा 'पदार्थां'त, म्हणजे विचाराच्या विषयांत, सिद्धान्त येतो, तो संशय, प्रयोजन, दृष्टान्त यांच्यानंतर. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायचा, त्याचं खंडन करायचं आणि मग जे टिकेल तो सिद्धान्त. म्हणजे वादातून तावूनसुलाखून निघालेलं ते. अंदाजाला आपल्याकडे अंदाज, अटकळ, तर्क, कयास असे शब्द आहेत आणि शास्त्रात गृहीतक आहे. सिद्धान्ताला अंदाजाच्या पंगतीत बसवायचं काम 'थिअरी' या शब्दाने केलं.

यावर आमच्या तालुक्यातलाच दाखला देतो. पाटणादेवीला इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलंय. ग्रंथ कोणता? 'सिद्धान्तशिरोमणि', ११५० चा. यातल्या गोलाध्यायात भास्कराचार्य पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न घेतात. पृथ्वीला कुणीतरी धरलंय म्हणावं तर त्या धरणाऱ्याला कोण धरतो, त्याला आणखी कोण? शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीने राहतो असं मानावंच लागणार, मग तो मान पहिल्याच पायरीवर पृथ्वीला का देत नाही? शेष, कूर्म, दिग्गज या पुराणातल्या कल्पना त्या काळी घरोघरी होत्या. तरी देवीच्या शेजारी, राजाच्या दानावर चालणाऱ्या मठात मुलं हा युक्तिवाद शिकत होती. देवीच्या दर्शनात त्याने काही उणं आलं नाही. तुमच्या पालकांना सहल घेऊन पाटणादेवीला जायला सांगा, मी दाखवायला येईन.

हे 'फक्त थिअरी' प्रकरण मुळात अमेरिकेतलं आहे. टेनेसी राज्याने १९२५ मध्ये सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवायला कायद्याने बंदी केली आणि डेटन गावच्या स्कोप्स या शिक्षकावर खटला भरला. तो कायदा १९६७ पर्यंत कायम राहिला. १९६८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कन्सॉची अशीच बंदी उडवली. बंदी चालेना तेव्हा मागणी बदलली: उत्क्रांती शिकवा, पण जोडीला सृष्टिनिर्मितीही शिकवा. लुइझियानाने तसा कायदाच केला, तो १९८७ मध्ये रद्द झाला. तुमच्या पालकांची 'जोडीला' ही मागणी अगदी तीच आहे, हे त्यांना ठाऊकही नसेल. पुढे २००२ मध्ये जॉर्जियातल्या कॉब परगण्यात पाठ्यपुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, की उत्क्रांती ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे. कोर्टकचेऱ्या होऊन २००६ मध्ये शाळामंडळाने पुन्हा तसल्या चिठ्ठ्या न लावण्याचं कबूल केलं. ती चिठ्ठी मराठीत लिहून बघा. 'हा केवळ सिद्धान्त आहे, सिद्ध नाही.' वाक्य स्वतःशीच भांडतं! आपल्या भाषेने दिलेला हा आधार आपणच 'थिअरी' म्हणून सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

जळगाव:

सर, पण मुलांच्या तोंडी 'थिअरी' म्हणजे प्रॅक्टिकल नसलेला पेपर. "थिअरी झाली, प्रॅक्टिकल उद्या." तिथूनही 'नुसतं पुस्तकी' हा अर्थ चिकटतो. उपपत्तीचं म्हणाल तर तो शब्द चांगला आहे, 'कारणांसकट केलेली मांडणी' या अर्थाने. पण दहावीच्या मुलाला तो ओळखीचा नाही.

चाळीसगाव:

मान्य. 'उत्क्रांती'बद्दल राहिलं. संस्कृतात 'उत्क्रान्ति' म्हणजे वर जाणं, बाहेर पडणं, आणि वेदान्तात तर जीवाने देह सोडणं. ब्रह्मसूत्रांत हा शब्द त्याच अर्थाने आहे, गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'उत्क्रामन्तं' म्हणजे देहातून निघून जाणारा. गीता वाचणाऱ्या आजोबांना नातवाचा पाठ ऐकून भलतंच काही वाटलं तर नवल नाही. गुजरातीतही उत्क्रांतीच म्हणतात, हिंदी पुस्तकं जैव विकास म्हणतात, बंगालीत विवर्तन. शब्द आता रुळलाय, तो राहू द्या. फक्त त्यातला 'उत्' सांभाळा. मुलांना वाटतं, सगळे जीव एका जिन्याने वर चाललेत आणि वरच्या पायरीवर माणूस. सापाचे पाय गेले, अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच. डार्विनच्या १८५९ च्या पुस्तकात, पहिल्या आवृत्तीत, 'उत्क्रांती' या अर्थाचं नाम नाहीच. तो बदलांसह होणाऱ्या वंशपरंपरेबद्दल बोलतो.

शिरपूर, कापूस उत्पादक:

मी शिक्षक नाही, पण या पाठाशी आमचं रोजचं नातं आहे. आमच्याकडे गुलाबी बोंडअळीबद्दल म्हणतात, "अळीले आते औषधनी सवय पडी गयी." बीटी कापूस, म्हणजे ज्याच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं तो, आला २००२ ला, दोन जनुकांचा बीटी २००६ ला. पहिली काही वर्षं बोंडं फोडली तर आत पांढरं स्वच्छ. २०१७ ला राज्यभर बोंडअळीने धिंगाणा घातला. फुलं नीट उमलेनात, पाकळ्या पिळवटून मिटलेल्या, आपण डोमकळी म्हणतो ती. डोमकळी सोडवून बघितली की आत अळी. बोंड वरून हिरवंगार, आणि फोडलं की एका कप्प्यात किडलेली सरकी, रुई पिवळी. मला विचारायचंय, 'सवय' हा शब्द इथे बरोबर का?

अमळनेर:

भाऊ, तुम्ही माझा पाठच शिकवलात! 'सवय' इथे चालणार नाही, कारण सवय एका जिवाला त्याच्या आयुष्यात लागते. एखाद्या अळीला बीटीची बोंडं खाऊन खाऊन ती पचायला लागली आणि तिने ते पिल्लांना दिलं, असा त्यातून अर्थ निघतो. हा तर लॅमार्कचा विचार, तोही याच पाठात आहे, आणि तो टिकला नाही. झालं ते असं: लाखो अळ्यांत काही मोजक्या अशा होत्या की ज्यांच्यावर बीटीचं विष चालत नव्हतं. त्या जन्मतःच तशा होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचे पतंग आपसांत मिळाले, पुढच्या पिढीत त्यांचंच प्रमाण वाढलं. कुठलीही अळी बदलली नाही, अळ्यांचा समूह बदलला.

'प्रतिकारशक्ती' पण नको, त्याने ताप-लसीची आठवण होते. 'प्रतिकारक्षम अळ्यांचं प्रमाण वाढलं' असं म्हणूया. लांब आहे, पण अर्थ नीट उतरतो.

शिरपूर:

म्हणजे पाकिटासोबत ती नॉन-बीटीची वेगळी पुडी यायची, ४५० ग्रॅमला १२० ग्रॅम, ती बांधावर लावा म्हणायचे, ती याच्यासाठी?

अमळनेर:

अगदी त्याच्यासाठी. नॉन-बीटीवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग त्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांशी मिळतात आणि त्यांची पिल्लं बीटीला बळी पडतात. प्रतिकाराचा गुण आई-बाप दोन्हीकडून आला तरच तो जोरात दिसतो, हा आनुवंशिकतेचा भाग. पुडी कोणी लावली नाही, वर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी तेच पीक पुढे राखलं, उन्हाळ्यापर्यंत अळीला खायला मिळत राहिलं. 'नैसर्गिक निवड' हा शब्द मुलांना समजत नाही, कारण निवडायला कुणीतरी निवडणारा लागतो असं वाटतं. आपल्या शेतात निवडणारा कुणी नव्हता. बीटीचं झाड होतं, बस्स.

धुळे:

शिरपूरच्या जिभाऊंनी विचारलं ते भारी होतं. माझा प्रश्न दशावतारांचा. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन. पाण्यातला, मग पाण्यात-जमिनीवर दोन्हीकडचा, मग जमिनीवरचा, मग अर्धा माणूस, मग बुटका माणूस. हा क्रम जुळतो की. आमच्या घरी हे अभिमानाने सांगतात. ते खोटं म्हणायचं का?

चाळीसगाव:

खोटं म्हणायची गरजच नाही, ते वेगळं आहे. इथेही शब्दच मदतीला येतो. अवतार म्हणजे खाली उतरणं. भक्तावर संकट आलं म्हणून देव स्वतः ठरवून, हेतू धरून उतरतो. प्रत्येक वेळी तोच देव. माशाच्या वंशात कासव जन्मलं असं पुराण कुठेच म्हणत नाही, वराहाचं पोर नृसिंह झालं असंही नाही. उत्क्रांतीत वंश आहे आणि हेतू नाही. अवतारात हेतू आहे आणि वंश नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही बिघडतात. अवतारकथा जीवशास्त्राच्या परीक्षेला बसवली तर ती नापास होणार, आणि ते पाप कथेच्या माथी का? प्रल्हादाची गोष्ट मराठीच्या तासाला सांगा, आजीकडून ऐका, यात्रेत बघा. ती तिथे पूर्ण आहे.

हे दोन्ही जुळवायची हौस थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या १८७७ च्या पुस्तकातही दिसते, म्हणजे ती डार्विननंतरची. आमच्या पूर्वजांनी अवतारांत असा अर्थ शोधला नव्हता.

धुळे:

पटलं. आणि "माकडापासून माणूस झाला"?

अमळनेर:

हे वाक्य वर्गातून हद्दपार करा. 'माकड आणि माणूस यांचे पूर्वज एक' असं म्हणा. २०१८ मध्ये आपल्याच मराठवाड्यात एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही, म्हणून डार्विन शाळेतून काढा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच जाहीर निवेदन काढलं. पण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच, धड्याचं नाव उरलं नुसतं 'आनुवंशिकता'. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. तो विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण दहावीनंतर जी मुलं विज्ञान घेत नाहीत त्यांना तो कधीच भेटणार नाही. आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकातला पाठ म्हणून मला जिवापाड जपावासा वाटतो.

एक गंमत आमच्या भाषेतली: पाठीच्या कण्याच्या टोकाला आपण आधीपासून 'माकडहाड' म्हणतो. शब्दाने काही सिद्ध होत नाही, पण मुलं हाताने चाचपून बघतात आणि मग अवशेषांग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

भुसावळ, वकील:

तिसरा प्रश्न राहिला. संविधानाचं कलम २८(१) म्हणतं, पूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा यात आली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खासगी संस्थेसाठी २८(३): धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती नाही, मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते.

घोळ असा की 'शिक्षण' हा आपला शब्द फार मोठ्या मापाचा आहे. पूजा कशी करावी, कोणाला देव मानावं याची दीक्षा देणं हेही शिक्षण, आणि वारकरी पंथ काय, इस्लाम काय, भिल्लांची याहामोगी देवी कोण याची माहिती देणं हेही शिक्षण. कायद्याने मनाई पहिल्याला आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रमाच्या एका खटल्यात सांगितलं, की धर्मांबद्दलचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. अमेरिकेच्या न्यायालयाने १९६३ मध्ये शाळेतलं बायबलवाचन बंद केलं, तेव्हाही धर्मांच्या अभ्यासाला दार उघडं ठेवलं होतं. म्हणून बोलताना दोन शब्द वेगळे ठेवा: 'धर्माचं शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचा अभ्यास'. दुसऱ्यातलं अनेकवचन महत्त्वाचं.

आणि ५१क मधलं मूलभूत कर्तव्य, १९७६ चं: विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणं. ते प्रत्येक नागरिकाचं आहे, म्हणजे त्या पालकांचंही.

अक्कलकुवा, आश्रमशाळा:

आमच्या मुलांची घरची भाषा पावरी नाहीतर भिली. त्यांना 'सिद्धान्त'ही परका आणि 'थिअरी'ही परकी. मी सुरुवात बोंडअळीपासूनच करणार आता, कापूस वेचायला यांतली बरीच मुलं गुजरातेत जातात. शिरपूरच्या भाऊंकडे डोमकळीचे फोटो असतील तर पाठवा, येत्या आठवड्यात तासाला लागतील.