क्वांटम संगणनातील संशोधकाचे रोजचे काम नेमके काय असते?

प्रश्न (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, अंतिम वर्ष):
पुंजयांत्रिकीची मला गोडी आहे आणि पुढे क्वांटम संगणनात संशोधन करण्याचा विचार आहे. या क्षेत्रातील संशोधकाचा दिवस कशात जातो आणि पीएच.डी. करावीच लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रयोगवाला:
मी अतिसंवाहक क्यूबिटवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, आमच्याकडे तो अतिसंवाहक धातूच्या परिपथाचा असतो) काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरतेच सांगतो. आमचे क्यूबिट १० ते २० मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, इतक्या थंडीत ठेवावे लागतात. त्यासाठीचा डायल्यूशन फ्रिज हीलियम-३ आणि हीलियम-४ यांच्या मिश्रणावर चालतो आणि तिथवर पोचायला त्याला दोन-तीन दिवस सहज लागतात. आतली एखादी केबल सैल राहिल्याचे थंड झाल्यावर कळले, तर सगळे पुन्हा गरम करून उघडण्यावाचून गत्यंतर नसते. सारे जुळून आले, की मायक्रोवेव्ह पल्स पाठवून प्रत्येक क्यूबिटची वारंवारता शोधायची, ती बहुधा ४ ते ६ गिगाहर्ट्झच्या दरम्यान सापडते, आणि मग त्याची अवस्था किती मायक्रोसेकंद टिकते ते मोजायचे. हा आकडा काल एक, तर आज दुसराच, कारण जोसेफसन जंक्शनमधील (क्यूबिटच्या गाभ्यातील, दोन अतिसंवाहकांमधल्या जोडातील) जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडमध्ये आणि पृष्ठभागांवर असलेले सूक्ष्म दोष मधूनच क्यूबिटची ऊर्जा शोषून घेतात. उरलेला वेळ पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिण्यात जातो. समीकरणांच्या ओढीने येणाऱ्यांचा इथे बहुधा हिरमोड होतो.

सिद्धांतवाली:
हिरमोड होण्याचे कारण नाही, समीकरणेही भरपूर आहेत! क्यूबिट चुका करतात, म्हणून अनेक क्यूबिटच्या जाळीत एकाची माहिती साठवून त्या चुका दुरुस्त करतात. गूगलच्या विलो या क्वांटम चिपवर २०२४ मध्ये ३×३, ५×५, ७×७ असा या जाळीचा आकार वाढवत नेला, तेव्हा दर पायरीला चुकीचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. परंतु चूक कुठे झाली हे ओळखणारा डिकोडर हा प्रोग्रॅम साधारण दर मायक्रोसेकंदाला येणाऱ्या मोजमापांच्या वेगाने चालला पाहिजे, आणि माझे काम तेच आहे. त्यात रेषीय बीजगणित, आलेख सिद्धांत आणि सी++ यांचाच भरणा अधिक असतो.

प्रयोगवाला:
पीएच.डी.विषयी सांगायचे, तर सॉफ्टवेअर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने तिच्याशिवायही शिरकाव होतो. संशोधनाचा विषय स्वतः ठरवायचा असेल, तर मात्र ती लागतेच. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे देशात संधी वाढल्या आहेत. मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेसह आणि टीसीएससह सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. अर्ज करण्यापूर्वी अशा एखाद्या ठिकाणी उन्हाळी प्रकल्प मिळतो का ते पाहा, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना फ्रिज वर्षातून किती महिने चालू असतो, हे आधी विचारा.