प्रतिसाद : आधी बसून हिशोब

शरणपूर रोडला बेकरी टाकू पाहणाऱ्याने इथे सल्ला विचारला, तर सगळ्यांनी त्याला ‘विश्वास ठेव, देव दार उघडेल’ असं सांगितलंय. बरोबर आहे, पण बायबलमधलं लूक 14:28 पण वाचा. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो; पाया घालून अडकला तर लोक हसतात. बेकरीत हे हमखास होतं, कारण भांडवल भट्टी, मिक्सर आणि डिपॉझिटमध्येच संपतं. मैदा रोखीने आणायचा आणि दुकानदार पावाचे पैसे देणार पंधरा दिवसांनी! निदान तीन महिन्यांचं भाडं, वीजबिल आणि पगार बाजूला काढल्याशिवाय भट्टी पेटवू नये. नाताळच्या केकचे आगाऊ पैसे म्हणजे कमाई नव्हे, देणं. ते नोव्हेंबरच्या भाड्यात गेले की डिसेंबरात सुकामेवा उधारीवर.

बायबलमधल्याच नीतिसूत्रे 11:1 मधला खोटा तराजू बेकरीत नकळतही घडतो. भाजताना पाणी उडून वजन साधारण 10-12 टक्के घटतं. 400 ग्रॅमचा ब्रेड द्यायचा तर कच्चा गोळा 455 ग्रॅमच्या आसपास हवा. 400चाच तोलला तर गिऱ्हाइकाच्या हातात जेमतेम 355. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या.

कर्जासाठी चर्चच्या मंडळीतल्या कुणाला जामीनदार करू नका. नीतिसूत्रे 22:26 जामीन राहणाऱ्याला सावध करतं, मग त्याला त्यात ओढायचं कशाला? हप्ता थकला की तोच माणूस रविवारी शेजारच्या बाकावर! त्यापेक्षा छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं मुद्रा कर्ज बघा, त्याला तारण लागत नाही. रोजंदारीवरच्या पोरांचे पैसे मात्र त्याच संध्याकाळी द्या, बायबलमधलं अनुवाद 24:15 हेच सांगतं.