दोन मात्रा घेतल्या म्हणजे प्रश्न मिटला का?

वातायन (धागाकर्ता), ऑक्टोबर २०२१
‘कोरोना लसीच्या दोन्ही मात्रा झालेल्यांना महाविद्यालयात आत घ्या, बाकीच्यांना घरी बसवा, प्रश्न मिटला’ असा एक लेख काल येथे आला आणि त्यावर टाळ्याही पडल्या, म्हणून हे लांबण लावतो. २० तारखेपासून राज्यातील महाविद्यालये उघडली ते योग्यच झाले; माझा आक्षेप ‘प्रश्न मिटला’ एवढ्यालाच आहे. लसीमुळे आजार गंभीर होण्याची शक्यता खूप घटते, परंतु कोरोनाच्या डेल्टा या प्रकाराचा संसर्ग लस घेतलेल्यालाही होतो आणि त्याच्याकडून पुढेही जातो. कोंदट, गर्दीच्या खोलीत हा विषाणू हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही यंदा मान्य केले. तरीही आमच्याकडे खर्च झाला तो बाके पुसण्यावर. माझ्या वर्गातील चारपैकी तीन खिडक्या मागच्या रंगकामात चौकटीला चिकटल्या, त्या अजून तशाच आहेत. फाटकावर एकच रक्षक प्रत्येकाच्या मोबाइलवरील प्रमाणपत्र वाचतो, मग आधार कार्ड मागतो आणि चेहरा जुळतो का हे पाहण्यासाठी मुखपट्टी खाली करायला लावतो, तोवर मागे शंभरेक मुले एकमेकांना खेटून उभी असतात. सुरक्षिततेसाठी लावलेली ही रांगच त्या दिवशीची सर्वांत धोक्याची जागा होती.

सडेतोड
तो लेख माझाच होता. दीड वर्ष माझा भाचा नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसत होता, पावसात छत्री धरून त्याने तास ऐकले, आणि प्रात्यक्षिक म्हणून रसायनशास्त्राच्या चित्रफिती पाहिल्या. त्याला आपल्या खिडक्यांची कथा सांगून पाहा. ज्यांचा पगार दर महिन्याला बिनबोभाट जमा झाला, त्यांनाच इतका वायुविचार सुचतो.

वातायन
पगारावर आलात, म्हणजे मुद्दे संपले असे समजतो. ते दीड वर्ष मीही पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून शिकवले आहे. महाविद्यालये बंद ठेवा असे मी कोठे म्हटले, ते दाखवावे. अमेरिकेत चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १० ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू केले आणि आठवडाभरात त्यांना पदवीचे वर्ग ऑनलाइन न्यावे लागले. तेथे रुग्णांचे पुंजके सापडले ते प्रामुख्याने विद्यार्थी राहत होते त्या ठिकाणी.

सडेतोड
तेव्हा लस नव्हती, हे सांगायचे सोयीस्करपणे राहिले.

लातूरचा पालक
राहण्याचा विषय निघालाच आहे, तर आमचेही ऐकावे. मुलाच्या महाविद्यालयाचे वर्ग उघडले, वसतिगृह मात्र ‘पुढील सूचनेपर्यंत’ बंद आहे. त्यामुळे तो पुण्यात कॉट बेसिसवर आहे. दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट, आणि मेसमध्ये खांद्याला खांदा लावून जेवण. वर्गात एक बाक सोडून बसवलेली हीच मुले रात्री हातभर अंतरावर झोपतात. बरे, प्रवेशाचे म्हणाल तर त्याला कोविशिल्डची पहिली मात्रा २४ ऑगस्टला मिळाली. दोन मात्रांमधले ८४ दिवस मोजले की दुसरी १६ नोव्हेंबरला येते, तोवर तो पुण्यात खोलीचे भाडे भरून ऑनलाइनच शिकणार. धाकटी प्रथम वर्षाला आहे, वय सतरा, तिच्या वयाला लसच खुली झालेली नाही. वरकडी म्हणजे, खोली कुलूपबंद होती त्या काळाचेही भाडे घरमालकाने अनामतीतून कापून घेतले.

कर्वेनगरचा घरमालक
एका बाजूने लिहू नये. बँकेने माझे हप्ते थांबवले तेव्हा व्याज थांबवले नव्हते. मुले मार्च २०२० मध्ये गाद्या, पुस्तके, सायकली टाकून गेली. ते सामान सांभाळले कोणी? कॉट कमी केल्या तर भाडे दुप्पट होईल, ते देणार का?

लातूरचा पालक
आमच्या मालकांनीही सायकल सांभाळली, त्यांचे आभार. तिची दोन्ही चाके सापडली असती, तर अधिक मानले असते.

सडेतोड
घरमालक, अनामतीवर बोला, गाद्यांवर नको. वातायन यांना एवढेच सांगतो, की आज मी आमच्या गावातील महाविद्यालयात जाऊन आलो. तेथे सभागृह वातानुकूलित आहे, म्हणून सगळ्या वर्गांचे एकत्र तास तेथेच घेत आहेत, दारे लावून. तेव्हा खिडक्यांचा मुद्दा मान्य, अगदी साष्टांग नमस्कारासह. परंतु सतरा वर्षांच्या मुलीला घरी बसवणारा नियम मी केलेला नाही, आणि ‘बाकीच्यांना घरी बसवा’ हे लिहिताना ती माझ्या डोळ्यांसमोर नव्हती, हेही खरे.

वातायन
नमस्कार पोहोचला. शिपाईमामांनी आज पटाशीने एक खिडकी उघडली. काच तडकली, तिचा खुलासा कार्यालयाने लेखी मागवला आहे. लातूरकर, मुलाच्या खोलीला खिडकी आहे का?

लातूरचा पालक
एक आहे. ती शेजारच्या इमारतीच्या डक्टमध्ये उघडते.

कर्वेनगरचा घरमालक
माझ्या खोल्यांनाही तशीच आहे. इतका गवगवा झालाच आहे, तर एक्झॉस्ट पंखे बसवतो. वीजबिल मात्र मुलांचे.

लातूरचा पालक
आमच्या मालकांनी असे म्हटले, तर बिल जरूर भरू. बंद खोलीच्या भाड्यातून वळते करून घ्यावे.