मेडिकल कॉलेजातला जनसंपर्क : पगाराच्या पलीकडचं

एका ताईंनी विचारलंय, खानापूरच्या भाच्यानं पत्रकारितेची पदवी घेतलीय, बेळगावच्या मेडिकल कॉलेजात जनसंपर्काची नोकरी धरावी का? उत्तरं बहुतेक पगारावर आणि कन्नडवर आली. कन्नड हवंच. पण चंदगडकडून पेशंटसोबत आलेल्या माणसाला मराठीतच समजवावं लागतं. दोन्ही भाषांत नेटकं लिहिणाऱ्याला इथे मोल आहे.

मला मात्र या कामातला खरा ऐवज संशोधनात दिसतो. १९६३ साली सुरू झालेल्या बेळगावच्या जे. एन. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांसोबत बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. निम्म्यांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या, निम्म्यांना औषध नसलेल्या. गोळ्या दिल्या त्या गावातल्या नर्सबाईंनी. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव औषध न मिळालेल्यांत १२ टक्के, औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के! २००६ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याच आयाबहिणींमुळे जगाला हे कळलं, आणि ते त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचवणं हे जनसंपर्काचंच काम आहे. उद्घाटनांचे फोटो पेपरला पाठवणं त्यामानानं सोपं.

एक गोष्ट भाच्याला आधीच सांगा. पेशंटचं नाव, फोटो, आजार त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये, बातमीदार कितीही ओळखीचा असो.

अर्ज करताना एखाद्या शोधनिबंधावर मराठीत आणि कन्नडमध्ये एकेक पान लिहून सोबत जोडायला सांगा.