मदत हवी आहे: स्लीप अ‍ॅप्निया निघालाय, पण नवरा मास्क काढून फेकतो

लग्नाला एकवीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं याचं घोरणं ऐकतेय. त्याची इतकी सवय झालीय की मला जाग येते ती घोरणं थांबल्यावर. एका रात्री मोबाइलवर सेकंद मोजले. छाती-पोट हलतंय, पण नाकातोंडातून हवाच नाही. ३४ सेकंद! मग एकदम आचका देऊन श्वास सुटला, कूस बदलली, पुन्हा घोरणं सुरू. सकाळी विचारलं तर म्हणे, "मस्त गाढ झोप लागली होती."

गाढ झोपेचा हा माणूस दुपारी मीटिंगमध्ये पेंगतो, सकाळी डोकं जड असतं, आणि रात्री तीनदा लघवीला उठतो. आम्ही दोन वर्षं प्रोस्टेटच्या नावानं बोटं मोडली. बीपी दोन गोळ्यांनीही आटोक्यात येईना, तेव्हा तिसरी लिहिण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "घोरता का?" तो म्हणाला नाही, मी म्हणाले हो.

रात्रभर वायरी लावून स्लीप स्टडी झाली. एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास बंद पडतो किंवा अर्धवट होतो. ३० किंवा त्याहून जास्त आला की गंभीर. रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे काय, तर मला समजलं ते असं: झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, आणि ते सकाळी आठवतही नाही. दर वेळी बीपी उसळतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, त्यातून लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. प्रोस्टेट बिचारं निर्दोष.

आता सीपॅप मशीन आणलंय, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं यंत्र. दोन तास झाले की हा मास्क काढून फेकतो, तेही झोपेतच. "आयसीयूत झोपल्यासारखं वाटतं," म्हणतो. घसा कोरडा पडतो ही तक्रार वेगळीच. कुणी यातून गेलंय का? वजन कमी केलं तर मशीन सुटेल का? आणि तोवर त्याने गाडी चालवावी का?

प्रतिसाद १
सहा वर्षं मशीन वापरतोय, पहिला महिना मीही फेकायचो. संध्याकाळी जागेपणी, टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायला सांगा. घसा कोरडा पडतोय म्हणजे बहुधा तोंड उघडं राहतंय. मशीनची हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर चालू आहे ना? नाक चोंदतं का तेही दाखवून घ्या. नाही जमलं तर तोंडही झाकणारा मास्क मिळतो. हवा कमी दाबाने सुरू होऊन हळूहळू वाढते अशी रॅम्पची सोय असते, ती लावून घ्या. पट्टे करकचून आवळू नका, त्याने गळती थांबत नाही, गालावर वळ तेवढे उठतात. गाडीचं म्हणाल तर पेंग येते तोवर किल्ली तुमच्याकडे ठेवा. यात भिडेखातर गप्प बसू नका.

प्रतिसाद २
वजन उतरलं की बऱ्याच जणांचा एएचआय खाली येतो, पण मशीन आपल्या मनाने बंद करू नका, पुन्हा तपासणी करून ठरवा. रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, दोन्हीने घसा आणखी सैल पडतो. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण असतं, पण ३८ ला आधी मशीनच सांगतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. तोंड उघडंच राहत होतं, मास्क बदलून आणला. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. काल मशीनने चार तास दहा मिनिटं दाखवली. घोरणं अजिबात नाही. एवढ्या शांततेची सवय नाही हो, मीच दोनदा उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघितला.