खोडाइतकीच खालची जमीन जपा

शेजारी बांधकाम सुरू असताना मोठं झाड कसं वाचवायचं, या प्रश्नावर खोडाला गोणपाट आणि फळ्या बांधल्या की झाड सुरक्षित, असं दोघातिघांनी लिहिलंय. साल सोलली जाऊ नये म्हणून ते करावंच, पण बांधकामाशेजारची मोठी झाडं बहुतेकदा खालून मरतात. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांबवर पसरतात. तिथून डंपर चार वेळा गेला की माती दबते, तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरतात. म्हणून कुंपण जमिनीला हवं. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या ब्रिटिश मानकातला हिशेब सोपा आहे: 1.5 मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि खोडाभोवती त्याच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ आखा. 50 सेंमी जाडीच्या झाडाला 6 मीटर. त्यावर कुंपणाचे पत्रे काम सुरू व्हायच्या आधी ठोकून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

भरावाबद्दल मात्र अजून कुणीच बोललेलं नाही. शेजारच्या पायाची माती आमच्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी ओतली गेली, फार तर वीतभर. झाड बराच काळ हिरवंगार दिसलं, मग शेंड्याकडून वाळत आलं. निरोगी बुंधा जमिनीत शिरताना रुंदावतो. तो खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसला तर भर पडलीय असं समजा आणि ती हातानेच, हळूहळू काढा. तिथे जेसीबी अजिबात लावू नका.