उनो बोर्डवरून फ्लॅश चिपवर लिहिलेली माहिती जागेवर का राहत नाही?

प्रश्न:
नमस्कार. बंद पडलेल्या एका राउटरमधील डब्ल्यू२५क्यू६४ ही ८ मेगाबाइटची फ्लॅश चिप (वीज गेली तरी माहिती जपणारी) मला नव्याने लिहायची आहे. मूळ चिपला हात लावण्याआधी तशाच दुसऱ्या चिपवर आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या साहाय्याने सराव करत आहे. ओळख विचारणाऱ्या ९एफ या कमांडला ईएफ ४० १७ असे अपेक्षित उत्तर येते (कमांड व बाइटची मूल्ये षोडशमान, म्हणजे हेक्स, पद्धतीत देत आहे), म्हणजे जोडणी ठीक असावी. मात्र शून्य पत्त्यापासून सलग १०२४ बाइट लिहून परत वाचले, तेव्हा पहिल्या २५६ जागांवर माझ्या माहितीचा शेवटचा चतुर्थांश आढळला आणि पुढे सर्वत्र एफएफ, म्हणजे कोरी जागा. त्याच जागी दुसरी माहिती लिहिल्यावर तर धड जुनी नाही, धड नवी नाही, असे काहीतरी मिळाले. चिप सदोष आहे का?

उत्तर १:
चिप ठणठणीत आहे. तिचे एक पेज, म्हणजे एका कमांडने लिहिता येणारा भाग, २५६ बाइटचे असते आणि ०२ या लेखनाच्या कमांडनंतर त्याहून अधिक बाइट पाठवले, तर पत्ता पुढच्या पेजवर न जाता त्याच पेजच्या आरंभी वळतो. त्यामुळे आपले पहिले ७६८ बाइट नंतरच्या बाइटांखाली गाडले गेले. प्रत्येक पेजसाठी ०६ ही लेखनास परवानगी देणारी कमांड नव्याने द्यावी लागते, कारण लेखन संपताच ती परवानगी आपोआप रद्द होते. पुढची कमांड देण्याआधी ०५ ने स्थिती वाचून सर्वांत खालचा बिट शून्य होईपर्यंत थांबावे.

दुसऱ्या गोंधळाचे कारण निराळे आहे. लेखनाने १ चा ० होतो, ० चा १ कधीच होत नाही. ५ए असलेल्या जागी ए५ लिहाल तर ०० मिळेल. म्हणून आधी २० या कमांडने ४ किलोबाइटचा सेक्टर (पुसता येणारा सर्वांत लहान भाग) पुसावा, म्हणजे त्यातले सगळे बिट पुन्हा १ होतात.

उत्तर २:
ओळख बरोबर आली म्हणजे जोडणी निर्दोष, हे मला मान्य नाही. या चिपचा पुरवठा २.७ ते ३.६ व्होल्ट इतकाच हवा आणि उनोच्या पिना ५ व्होल्ट देतात. चिप लगेच जळत नाही, म्हणून तर हा दोष लपून राहतो. उनोच्या १०, ११ व १३ या पिनांवरून चिपकडे जाणाऱ्या तिन्ही तारांवर १ आणि २ किलोओहमच्या रोधांचे, व्होल्टेज कमी करणारे विभाजक लावावेत. चिपकडून १२ क्रमांकावर येणारी तार थेट चालते. चिपच्या ३ व ७ क्रमांकाच्या पिना मोकळ्या न सोडता ३.३ व्होल्टला जोडाव्यात.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचेही आभार. विभाजक लावून, सेक्टर पुसून, पेजागणिक लिहिले आणि १०२४ बाइट जसेच्या तसे परत आले. आता मूळ चिप पूर्ण पुसून तीत इंटरनेटवरून उतरवून घेतलेले फर्मवेअर (राउटर चालवणारे सॉफ्टवेअर) भरतो.

उत्तर १:
कृपया थांबावे. अनेक राउटरमध्ये त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवरील त्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि वायफायच्या रेडिओच्या जुळणीची (कॅलिब्रेशनची) माहिती याच चिपच्या एका कोपऱ्यात असते व ती उतरवून घेतलेल्या फर्मवेअरमध्ये नसते. आधी संपूर्ण चिप दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. ११५२०० बॉडने (सेकंदाला तितके बिट या वेगाने) एका वाचनाला सुमारे १२ मिनिटे लागतील, तेवढी द्यावीत.